निवडणूक तरी होऊ द्या

आमच्या प्रभागात नगरपालिकेची निवडणूक होणार नाही, हे २०२५ च्या दिवाळीतच ठरलं होतं. कुणी ठरवलं, कुठे बसून ठरवलं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. गिरणीत दळण ठेवायला जा, मेडिकलवर जा, सगळीकडे एकच बोलणं: "यंदा बिनविरोध करून टाकू, उगाच गल्लीत भांडणं नकोत." भांडण कशावरून होणार, ते मात्र कुणी बोलत नव्हतं. ते पाण्यावरून होणार होतं.

आमचं गाव खानदेशातल्या 'क' वर्ग नगरपालिकेचं. नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही कधी रात्री दोनला. मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको आणि जून महिन्यात शाळेचे गणवेश. आमच्या ह्यांचा मालवाहू टेम्पो आहे. मशीन दाराशीच असल्यामुळे गल्लीतल्या बाया कापड टाकायला येतात आणि तासभर बसतात. पाण्याचा हंडा मोर्चा याच बैठकींतून निघाला. आम्ही नगरपालिकेत गेलो तर तिथं गाऱ्हाणं ऐकायला नगरसेवकच नाही. शेवटची निवडणूक २०१६ ची. मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात अडकलं आणि चार वर्षं प्रशासकाचा कारभार. साहेब म्हणाले, वर विचारा. वर म्हणजे जिल्हा, त्याच्या वर मुंबई. मुंबईत ज्यांचं सरकार त्यांचेच इथले पुढारी रस्त्यांचे नारळ फोडत होते, टाकीच्या भूमिपूजनाला फेटे बांधून उभे राहत होते. टाकी झाली. तिच्यात पाणी चढलं नाही.

विरोधी पक्ष म्हणाल तर तो आमच्या गावात फारसा उरलाच नव्हता. २०२२ मध्ये थोडे गेले, २०२३ मध्ये उरलेले गेले. कार्यालयावरचा फलक बदलला, आतल्या खुर्च्या आणि माणसं तीच. त्यामुळे सरकारी पक्षाशी भांडायचं म्हणजे कुणी पुढारी शोधून त्याच्या मागे जायची सोयच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं, ते सरकत सरकत २ डिसेंबरवर आलं. आमच्या प्रभागातल्या दोन जागांपैकी 'अ' जागा ओबीसीला सुटली, 'ब' जागा सर्वसाधारण महिलेला. बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं.

अर्ज १० ते १७ नोव्हेंबर. ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर द्यायचा. सायबर कॅफेतल्या पोराने शपथपत्र भरताना विचारलं, "काकू, सोनं किती लिहू?" मी सांगितलं तेवढ्यावर त्याने पुन्हा विचारलं, "बस?" जातीचा, गुन्ह्याचा, मिळकतीचा तपशील, २००१ च्या सप्टेंबरनंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली नसल्याचं लिहून द्यायचं, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. आणि नगरपालिकेची थकबाकी नसल्याचा दाखला. दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वर्षभराची पाणीपट्टी मी निमूटपणे भरली आणि पावती फाइलला लावली. खिडकीमागच्या बाबूला हसू आलं, मलाही आलं.

छाननी १८ तारखेला होती. त्याच दिवशी लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची मुदत संपणार होती (नंतर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली). त्यामुळे सकाळपासून माझ्या दारात बायांची रांग. कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाच्या नवऱ्याचं आधार मोबाईलला जोडलेलं नाही, एकीचा नवरा सुरतेत, फोन उचलत नाही. मी सरकारी पक्षाविरुद्ध उभी, आणि सकाळचे दोन तास सरकारच्याच योजनेचे ओटीपी टिपून घेत होते. आमचे हे म्हणाले, "तुझी छाननी आहे ना आज?"

तिथं गेले तर हरकत आधीच आलेली. माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्यांपैकी एक शेजारच्या काकू, त्यांची सही खोटी आहे म्हणे. आदल्या रात्री काकूंच्या मुलाला कुणीतरी भेटून गेलं होतं, ते मला मागाहून कळलं. काकूंना बोलावणं गेलं. त्या आल्या त्या नऊवारीचा पदर खोचून, हातात आधार कार्ड. साहेबांनी विचारलं, ही सही तुमची का? काकू म्हणाल्या, "सही मन्हीच शे. चौथी शिकेल शे मी." साहेबांनी समोरच्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळायला लागला. अर्ज वैध.

खरी परीक्षा त्यानंतरच्या तीन दिवसांत होती. माघारीची मुदत २१ नोव्हेंबर, दुपारी तीनपर्यंत.

मला वाटलं होतं, कुणीतरी बुलेटवर येईल, दम देईल. तसं कुणी आलं नाही. एकानेही धमकी दिली नाही, हे मी शपथेवर सांगते. पहिल्यांदा आले माझे नंदोई. ते एका खासगी शिक्षणसंस्थेत मास्तर आहेत आणि त्यांच्या मुलाच्या नेमणुकीची मान्यता अडकलेली आहे. संस्थेचे अध्यक्ष कोणत्या पक्षात आहेत, हे सांगायला नको. "वहिनी, तुम्ही राहाच उभ्या. पण पुढच्या वेळेस." चहा घेतला, मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली, गेले. मग पतसंस्थेतले एक जण आले. टेम्पोचं कर्ज त्यांच्याकडे. "दादा, हप्ता कधी मागे-पुढे झाला तर आपण कधी बोललो का?" आमच्या ह्यांनी मान हलवली. खरंच कधी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून मामा आले. मामांना राजकारणातलं काही कळत नाही. त्यांना कुणीतरी गाडी करून पाठवलं होतं आणि ते एवढंच म्हणत होते, "माय, आपले लोक नाहीत ते. कशाला पडतेस?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री मी जेवले नाही.

शेवटी जे आले ते शहाणे होते. त्यांनी रीतसर दोन गोष्टी मांडल्या. एक, पुढे स्वीकृत, म्हणजे न लढता नेमले जाणारे, नगरसेवक घेताना नाव सुचवू. दोन, एक आकडा. तो ऐकून आमच्या ह्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

बाहेरचा गुंड आला असता तर आमची गल्ली लाटणी घेऊन उभी राहिली असती. नंदोईंसमोर, मामांसमोर गल्ली काय करणार? मोठ्या शहरात सत्ता पोलिसांकडून, नोटिशीकडून येत असेल. तालुक्याच्या गावात ती सोयऱ्यांच्या पायांनी येते आणि उंबऱ्यात चपला काढून येते. येणाऱ्याचाही त्यात दोष नसतो. त्याची कुठेतरी मान अडकलेली असते. मी आजही नंदोईंवर रागावलेली नाही. भाऊबीजेला नणंद आली की ते येतीलच.

माघार घ्यायची तर अर्जावर उमेदवाराची सही लागते. म्हणजे त्यांना मी हवी होते. २१ तारखेला पहाटे मी मोबाईल ज्वारीच्या कोठीत ठेवला आणि वेचणीला जाणाऱ्या बायांच्या गाडीत बसून चोपडा तालुक्यात मावशीच्या गावी गेले. दिवसभर कपाशी वेचली. सप्टेंबरच्या पावसाने खालची बोंडं काळी पडली होती, काही झाडावरच सडलेली. चांगलं बोंड सोडवताना त्याची टोकं नखाखाली घुसतात. शिवणाऱ्या हातांना सुईची सवय असते, ह्याची नसते. दुपारपर्यंत माझी चारही बोटं खरवडलेली. बायांचं बोलणं भावाचं. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. पण सीसीआयच्या, म्हणजे कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर जायचं तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, मग तारीख मिळणार, आणि तिथं ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी माघारी. म्हणून दारात काटा घेऊन आलेल्या खेडा खरेदीवाल्यालाच कापूस जातो, तो देईल त्या भावात. एक जण म्हणाली, "ताई, तुम्ही नगरपालिकेला उभ्या आहात ना? आमच्या ॲपचं बी पाहा." मी म्हटलं, माझं पाण्यापुरतंच आहे. ती म्हणाली, "मग काय उपयोग!" तिचं बरोबर होतं.

मावशीच्या फोनवर ह्यांचा फोन आला. "वाजले तीन. ये आता." नंदोई तोवर आमच्या ओट्यावर बसून होते म्हणे. तीन वाजले तसे उठले आणि ह्यांना म्हणाले, "सुटलो बुवा." त्यांच्या तोंडून तेच निघालं. वर सांगायला त्यांच्याकडे आता कारण होतं: बाई सापडलीच नाही.

'अ' जागेवरचा दुसरा उमेदवार मात्र अडीचच्या सुमाराला माघार देऊन आला होता. तिथं एकच नाव उरलं. बिनविरोध. मी काही त्याला नावं ठेवत नाही. त्याला लपायला मावशी नसेल. पण त्याचा परिणाम काय होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये नियम केला की स्थानिक निवडणुकीत 'नोटा'ला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. चांगला नियम आहे. पण उमेदवार एकच असेल तर मतदानच होत नाही, म्हणजे नोटाचं बटणही नाही. माणूस पसंत नाही, एवढं म्हणायचीही सोय गेली. याच निवडणुकीत आपल्या खानदेशात जामनेरचं नगराध्यक्षपद बिनविरोध झालं आणि दोंडाईच्याला तर नगराध्यक्षासकट सगळे नगरसेवक. तिथं कसं झालं, ते तिथल्यांनी सांगावं. मी माझ्या गल्लीचं सांगतेय.

चिन्ह मिळालं २६ तारखेला, कपबशी. मतदानाला सहा दिवस. पक्षवाल्यांची चिन्हं लोकांना जन्मापासून पाठ. अपक्षाने सहा दिवसांत कपबशी कुणाकुणाच्या डोक्यात घालायची? आमच्याकडे पैसा नव्हता, 'क' वर्गातल्या सदस्याला अडीच लाखांपर्यंत खर्चाची मुभा असली तरी. बायांनी घरोघर जाऊन चहा मागितला. नुसतं दारात जायचं आणि म्हणायचं, "कपबशीत चहा द्या." हा प्रचार कुणाच्या डोक्यातून निघाला माहीत नाही, पण त्याला एक रुपया लागला नाही. पित्त मात्र सगळ्यांना झालं.

समोरून भाषणांत एकच मुद्दा: वर आपलं सरकार, खाली आपली नगरपालिका, तरच निधी. आणि शिरीषकुमार. नंदुरबारच्या त्या पोराने १९४२ मध्ये छातीवर गोळ्या झेलल्या, त्याचं नाव आमच्याकडे प्रत्येक पक्षाचा वक्ता घेतो. फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचंही तसंच; ज्याला जे हवं ते तो त्यातून काढतो. आमच्या सभेत मीही शिरीषकुमारचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

बायांची भीती वेगळीच होती. एकीने दार लोटून घेत हळूच विचारलं, "तुले मत दिधं ते पंधराशे बंद होतीन का?" हे तिला कुणी सांगितलं, ते तिने सांगितलं नाही. मी म्हटलं, पैसे सरकारी तिजोरीतून येतात, यादी मतदानावरून होत नाही, आणि आत तू कुठलं बटण दाबलंस ते तुझ्या नवऱ्यालाही कळत नाही. तिचा विश्वास बसला की नाही, देव जाणे. पण तिची केवायसी मीच केली होती, हे तिच्या लक्षात होतं.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर काकू माझ्या प्रतिनिधी. सकाळी अभिरूप मतदान झालं, बटणं दाबून आकडे जुळवून दाखवले, मोहोर लागली. मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नव्हतं, स्थानिक निवडणुकांत नसतंच. आत एक नगराध्यक्षासाठी आणि एक आमच्या 'ब' जागेसाठी, दोनच मतं. कित्येक बाया बाहेर येऊन विचारत होत्या, "तिसरं कुठे आहे?" 'अ' जागेचं बटण शोधत होत्या. एका आजोबांनी तर आत साहेबांशी वाद घातला, मशीन बिघडलंय म्हणून.

आणि मतदान चालू असतानाच बातमी आली. निकाल उद्या नाही. काही ठिकाणची निवडणूक २० तारखेवर गेली होती, म्हणून नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी २१ डिसेंबरला एकदमच घ्यायला सांगितली. म्हणजे मशीनं जवळजवळ तीन आठवडे कुलपात.

गावात लगेच चर्चा सुरू झाली. मशीन बदलतील, चिप घालतील, टॉवरवरून काहीतरी करतील. मला त्यातलं फार खरं वाटत नाही, आजही नाही. पण जो हरण्याच्या भीतीने उभा असतो त्याला कुलपाकडे पाहत बसण्यात धीर वाटतो. एका सरकारी गोदामात स्ट्राँग रूम होती. दाराला मोहोर, पोलिसांचा पहारा, बाहेर एका टेबलावर कॅमेऱ्याचा पडदा. नाव लिहून, ओळखपत्र दाखवून उमेदवाराच्या माणसाला तिथं बसता येत होतं. आम्ही पाळ्या लावल्या. रात्रीच्या पाळीला पुरुष, पहाटे पाचपासून बाया.

तो डिसेंबर खानदेशात हाडं गोठवणारा होता. पडद्यावर एक बंद दार दिसत असतं. बस, तेवढंच. ते दार पाहत शाल गुंडाळून बसायचं. एकदा पडद्यावर काहीतरी हललं, आमची दोन पोरं धावत गेली, पोलीस उठले, समोरच्या पक्षाचीही दोघं उठली. मांजर निघालं, तेही दाराच्या बाहेरच्या बाजूला. त्यानंतर त्या मांजराला दोन्ही बाजूंनी दूध मिळायला लागलं.

समोरच्यांचीही माणसं होतीच की तिथं. त्यांनाही आपल्या मशीनची काळजी. चार रात्री एका शेकोटीला बसल्यावर किती वेळ तोंड फिरवून बसणार? एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, भरीत करू. हिरवी, कमी बियांची वांगी बाजारात आलीच होती. गोदामाच्या कंपाउंडबाहेर कपाशीच्या काड्या पेटवल्या, त्या ज्वाळेत वांगी टाकली. काडीचा जाळ झरकन लागतो आणि झरकन विझतो, म्हणून एक जण सारखा काड्या घालत राहतो. ते काम समोरच्या पक्षाच्या बूथवाल्याने घेतलं. साल काढली, देठ तसाच ठेवला, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचलं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाची फोडणी. कळण्याच्या भाकरी घरोघरून आल्या. पोलीसदादा आधी नाही म्हणाले, ड्यूटीवर आहे. मग ताट घेऊन पडद्यासमोर बसूनच जेवले. त्या रात्री 'अ' जागेच्या बिनविरोध साहेबांचा पुतण्या म्हणाला, "काकांना एकही भाकरी खर्च करावी लागली नाही." त्याला ते भूषण वाटत होतं.

२१ तारखेला मोजणी. आमचा प्रभाग दुपारी बारापर्यंत उरकला. मी शंभर-सव्वाशे मतांनी पडले. राज्यात २८८ पैकी दोनशेहून जास्त नगराध्यक्ष महायुतीचे झाले, त्या मानाने आमच्या गल्लीतला फरक मला काही मोठा वाटला नाही. निवडून आलेल्या ताई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या प्रचारात एकदाही बोलल्या नव्हत्या, सगळं त्यांचे सासरे बोलत. गुलाल यायच्या आधी त्यांनी मला हळूच विचारलं, "माघारीच्या दिवशी तुम्ही कुठे होतात हो?" मी म्हटलं, कपाशी वेचत होते. त्यांना खरं वाटलं नाही. मी बोटं दाखवली, पण तोवर ती बरी झाली होती.

खर्चाचा हिशेब तीस दिवसांत द्यावा लागतो, पडलेल्यालाही. नाही दिला तर पुढे उभं राहायला अपात्र ठरवू शकतात. 'ट्रू व्होटर' ॲपवर रोजचं भरलं होतंच, तरी वही घेऊन गेले. बाबू ओळीवर बोट ठेवत वाचत होता. "वांगी, सहा किलो? हे काय?" मी सांगितलं. तो म्हणाला, मतदानानंतरचं यात धरत नाहीत ताई, खोडा. मी खोडलं. मग पेन ठेवून म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही त्या दिवशी."

जानेवारीत पाणी बारा दिवसांनी आलं. बाया नव्या ताईंकडे गेल्या, ताईंनी लिहून घेतलं आणि सासऱ्यांकडे पाहिलं. तिथून आम्ही 'अ' जागेच्या साहेबांकडे गेलो. ते ओट्यावरच होते. काकू पुढे झाल्या. "तुले तं आम्ही मतच नही दिधं भो. मंग तू कोन्हा नगरसेवक?"

साहेब हसले. चहा सांगितला. कपबशीत आला. मग त्यांनी सगळ्यांसमोर पाणी सोडणाऱ्या वॉलमनला फोन लावला, स्पीकरवर. उचलला नाही.